अणुसुरक्षेचं सरकारी सॉफ्टवेअर : मालकी कुणाची, लायसन्स कुणाला आणि गुपित काय? सोप्या भाषेत समजून घ्या

बेळगाव : कैगा अणुवीज केंद्र कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठावर आहे. बेळगाव, खानापूर, कारवार, काणकोण या पट्ट्यातल्या लोकांना हे नाव काही नवीन नाही. इथल्या पहिल्या युनिटच्या घुमटाचा आतला भाग १३ मे १९९४ रोजी बांधकाम सुरू असतानाच कोसळला होता. त्याच युनिटनं पुढे २०१८ च्या अखेरीस सलग ९६२ दिवस चालण्याचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला. पाचव्या आणि सहाव्या युनिटसाठी २०१८ मध्येच जनसुनावणीही झाली. अशा प्रत्येक वेळी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, ‘सुरक्षेचं विश्लेषण झालेलं आहे.’

हे विश्लेषण होतं कॉम्प्युटरवर. ते ज्या सॉफ्टवेअरवर होतं ते जगभर मुख्यतः सरकारी पैशातून तयार झालेलं आहे. तरीही ते बाजारात मिळत नाही, इंटरनेटवरून सरळ उतरवता येत नाही आणि मित्राकडून पेन ड्राइव्हवर घेतलं तर गुन्हाही ठरू शकतो. असं का? यात सरकारचा हक्क किती, कंपनीचं गुपित किती आणि सामान्य माणसाला काय मागता येतं? इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, छोट्या कन्सल्टन्सी चालवणारे आणि प्रकल्पांच्या आसपास राहणारे नागरिक, सगळ्यांनाच उपयोगी पडेल अशी ही माहिती.

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

चालू अणुभट्टीचा मोठा पाइप मुद्दाम फोडून ‘बघू काय होतंय’ असं कुणी करू शकत नाही. छोट्या प्रयोगांतून आकडे मिळवायचे, त्यांवरून गणिती प्रतिकृती तयार करायची आणि अपघात कॉम्प्युटरवर घडवून बघायचा, हाच मार्ग उरतो. या प्रोग्रॅमना या क्षेत्रात ‘कोड’ म्हणतात.

प्रत्येक कोडचं काम वेगळं. थंड करणारं पाणी गेलं तर इंधनाचं तापमान किती वाढेल, हे रिलॅप-५ आणि ट्रेस हे कोड सांगतात. इंधन वितळायला लागलं तर पुढे काय, हे मेलकोर सांगतो. न्यूट्रॉन आणि किरणोत्सार भिंतीतून किती आरपार जातील, हे एमसीएनपीवर काढतात. आणीबाणीत बाहेर पडलेला किरणोत्सार वाऱ्याबरोबर कुठे जाईल, लोकांना किती डोस बसेल, याचा अंदाज रास्कल देतो.

हे आकडे नुसते अभ्यासापुरते नसतात. अमेरिकेच्या नियमानुसार, पाणी गमावल्याच्या अपघातातही इंधनाच्या आवरणाचं तापमान १२०४ अंश सेल्सियसच्या वर जाता कामा नये. गणितात उत्तर या मर्यादेच्या आत आलं तर परवानगीचा मार्ग मोकळा, बाहेर गेलं तर डिझाइन बदला. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सुरक्षा निकषांत स्पष्ट अट आहे की, सुरक्षा विश्लेषणात वापरलेला कोड तपासलेला आणि प्रयोगांशी पडताळलेला असलाच पाहिजे.

पैसा सरकारचा, मग फुकट का नाही?

हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर समजायला अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण वर दिलेले सगळे कोड तिकडचेच आहेत. तिथे मालकीचे तीन थर आहेत.

पहिला थर सरकारी कर्मचाऱ्यांनी लिहिलेल्या कामाचा. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०५ नुसार, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यानं नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर अमेरिकेत कॉपीराइट लागत नाही. पण कॉपीराइट नाही म्हणजे वाटप बंधनकारक आहे असं नव्हे. सरकार ते काम इतर कायद्यांखाली रोखून धरू शकतं.

दुसरा थर राष्ट्रीय प्रयोगशाळांचा. लॉस अलामॉस, सँडिया, आयडाहो, ओक रिज ही नावं सरकारी वाटतात, पण त्या चालवतात कंत्राटदार संस्था. तिथले शास्त्रज्ञ सरकारी नोकर नसतात. त्यामुळे ऊर्जा विभागाच्या परवानगीनं त्या संस्था आपल्या सॉफ्टवेअरवर कॉपीराइट सांगू शकतात. सरकारकडे ते विनाशुल्क वापरण्याचा कायमचा हक्क राहतो, पण तो सरकारचा. तुमचा-आमचा नव्हे.

तिसरा थर खासगी कंपन्यांचा. वेस्टिंगहाऊस, जीई, फ्रॅमॅटोम अशा कंपन्यांकडे स्वतःचे कोड आणि स्वतःच्या प्रयोगांचे आकडे असतात. बऱ्याचदा सरकारी कोडला कंपनीची माहिती भरवली जाते. म्हणजे चूल सरकारची, मसाला कंपनीचा. तयार झालेली आमटी सगळ्यांना वाढायची की नाही, हा वाद तिथून सुरू होतो.

कोड मिळतो कसा?

विकत नाही, तर लायसन्सवर. मुख्य वाटा दोन.

पहिली वाट ओक रिज प्रयोगशाळेतल्या ‘आरसिक’ केंद्राची. १९६२ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र किरणोत्सार-सुरक्षेचे कोड आणि डेटा जमवून वाटतं. इथे अर्ज करावा लागतो, ओळख तपासली जाते, शुल्क भरावं लागतं आणि लायसन्स व्यक्तीच्या नावावर मिळतं. कॉलेजनं एक प्रत घेतली आणि लॅबमधल्या वीस मुलांनी वापरली, हे चालत नाही. प्रत्येकाला आपलं वेगळं लायसन्स लागतं. काही कोड फक्त चालवण्याच्या रूपात मिळतात, मूळ सोर्स कोडसाठी वेगळी आणि कडक परवानगी लागते.

दुसरी वाट अमेरिकेच्या अणुनियमन आयोगाची, म्हणजेच एनआरसीची. एनआरसीनं आपल्या कोडसाठी वापरकर्त्यांचे गट केले आहेत. ट्रेस आणि रिलॅपसाठी ‘कॅम्प’, गंभीर अपघातांच्या कोडसाठी ‘सीसार्प’ आणि किरणोत्सार-संरक्षणासाठी ‘रॅम्प’. बाहेरच्या देशांच्या संस्था करार करून सदस्य होतात. ‘कॅम्प’मधली खास गोष्ट म्हणजे वर्गणी फक्त पैशात भागत नाही. सदस्यानं आपल्याकडच्या प्रयोगांशी कोड ताडून बघायचा आणि त्याचा अहवाल द्यायचा. हे अहवाल एनआरसी प्रसिद्धही करते. थोडक्यात, कोड घ्या आणि त्यातल्या चुका शोधायला मदत करा.

लायसन्सच्या अटी : सही करण्याआधी काय वाचायचं

अटींचे शब्द कोडनुसार बदलतात, पण साधारण साचा ठरलेला आहे.

१. कोण वापरणार : एक व्यक्ती, एक विभाग की पूर्ण संस्था. नोकरी बदलली, कॉलेज सुटलं तर परवानगी आपोआप बरोबर येत नाही.

२. कशासाठी वापरणार : संशोधन आणि शिक्षण वेगळं, पैसे घेऊन केलेलं कन्सल्टिंग वेगळं. शिक्षणाच्या लायसन्सवर ग्राहकाचं काम करणं हा सरळ अटीभंग आहे.

३. पुढे देता येणार नाही : मित्राला, सहकंपनीला, परदेशातल्या शाखेला, कुणालाच नाही. बदल करून तयार केलेली प्रतसुद्धा मूळ अटींतच बांधलेली राहते.

४. चूक सापडली तर कळवा : ही अट कागदावर साधी दिसते, पण सुरक्षेच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची. एका देशात सापडलेली चूक दुसऱ्या देशातल्या अणुभट्टीच्या गणितालाही लागू असू शकते.

५. हमी नाही : कोड ‘आहे तसा’ दिला जातो. उत्तर चुकलं आणि नुकसान झालं तर अमेरिकन सरकार किंवा प्रयोगशाळा जबाबदार नाही. जबाबदारी कोड वापरून निर्णय घेणाऱ्याची.

६. आवृत्ती सांगा : अहवालात किंवा शोधनिबंधात कोणता कोड, कोणती आवृत्ती, हे लिहायचं. नाहीतर दुसऱ्याला तेच गणित करून तपासता येत नाही.

७. करार संपला की प्रती नष्ट करा.

पाचवी अट नीट लक्षात घ्यायला हवी. ‘अमेरिकेच्या सरकारी कोडवर तपासलेलं आहे’ या वाक्याचा अर्थ अमेरिकेनं हमी दिली असा होत नाही. हमी कोडची नसते. इनपुट कुणी भरलं, गृहीतकं कोणती धरली आणि उत्तर कुणी तपासलं, यावर सगळं अवलंबून असतं.

सॉफ्टवेअर पाठवणं म्हणजेही निर्यात

लायसन्सवर निर्यात नियंत्रणाचं आणखी एक कुलूप असतं. अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याखाली ‘भाग ८१०’ नावाचे नियम आहेत. अणुतंत्रज्ञान, तांत्रिक मदत, काही सॉफ्टवेअर हे सगळं त्यात येतं. काही देशांना सर्वसाधारण परवानगी आहे, बाकीच्यांसाठी प्रत्येक वेळी खास मंजुरी लागते. भारत खास मंजुरीच्या बाजूला आहे. वस्तू जहाजात चढली तरच निर्यात, असं इथे नाही. ईमेल केली, सर्व्हरवर प्रवेश दिला, एवढंच काय, अमेरिकेतल्या ऑफिसात परदेशी नागरिकाला माहिती दाखवली तरी ती निर्यात ठरू शकते. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आपल्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावं. मात्र उघडपणे प्रसिद्ध झालेली माहिती आणि प्रसिद्ध होणारं मूलभूत संशोधन यांना यातून सूट आहे.

ताजं उदाहरण घरचंच आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं होल्टेक कंपनीला छोट्या अणुभट्टीचं तंत्रज्ञान भारतातल्या तीन कंपन्यांना देण्याची परवानगी दिली. त्यांत पुण्याची होल्टेक एशिया, शिवाय टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि लार्सन अँड टुब्रो. भारत-अमेरिका अणुकरार २००८ मध्ये झाला होता, तरीही ही परवानगी यायला इतकी वर्षं गेली. परवानगीतही अटी आहेतच. वापर शांततेसाठीच आणि पुढे तिसऱ्याला द्यायचं तर आधी अमेरिकेची संमती.

आपल्याकडेही तसंच आहे. भारताची ‘स्कोमेट’ ही नियंत्रित वस्तूंची यादी आहे. तिच्यातला ० क्रमांकाचा गट अणुक्षेत्राचा असून त्याची परवानगी अणुऊर्जा विभाग देतो. भारतात तयार झालेलं अणुतंत्रज्ञानही हवं तसं बाहेर पाठवता येत नाही.

‘प्रोप्रायटरी’ शिक्का म्हणजे काय?

कंपनी जेव्हा नियामकाकडे कागद देते तेव्हा त्यात तिच्या धंद्याची गुपितंही असतात. इंधनाची रचना, प्रयोगाचे आकडे, गणिताची पद्धत, अशी. अमेरिकेत यासाठी ठरलेली रीत आहे. कंपनीनं प्रत्येक गुप्त भागावर खूण करायची आणि शपथपत्र द्यायचं. ही माहिती आम्ही खरोखर गुप्त ठेवतो का, ती उघड स्रोतांत मिळत नाही ना, उघड झाली तर धंद्यातल्या स्पर्धेत मोठं नुकसान होईल का, हे सगळं त्यात सांगायचं. नियामक ते तपासतो. नुसता शिक्का मारून भागत नाही.

मग एकाच अहवालाच्या दोन प्रती होतात. एक पूर्ण, फक्त नियामकासाठी. दुसरी लोकांसाठी, जिच्यात गुप्त आकड्यांच्या जागी रिकामे चौकटी कंस असतात. लोकांना आकडा दिसत नाही, पण तिथे काहीतरी झाकलंय हे दिसतं. पूर्ण अहवालच कपाटात जाण्यापेक्षा हे नक्कीच बरं.

भारतात कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट : १९५७ च्या आपल्या कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हे ‘साहित्यकृती’ धरलं जातं. सरकारी कामाचा पहिला मालक सरकारच आणि मुदत ६० वर्षं. म्हणजे अमेरिकेच्या उलट, आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्याच्या कामावरही कॉपीराइट आहे. कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण गुन्हा गुन्हाच राहतो.

गुप्तता : १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम १८ नं अणुभट्ट्यांच्या रचनेची आणि कामकाजाची माहिती रोखण्याचा मोठा अधिकार केंद्र सरकारला दिला.

माहितीचा अधिकार : २००५ च्या कायद्यात दोन सवलती नेहमी पुढे केल्या जातात. कलम ८(१)(अ), म्हणजे देशाची सुरक्षा आणि वैज्ञानिक हित. कलम ८(१)(ड), म्हणजे व्यापारी गुपित आणि बौद्धिक संपदा. पण ‘ड’ला कायद्यातच उतारा आहे. व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी लागते. कलम १० सांगतं की गुप्त भाग वेगळा काढून बाकीचं द्या.

हे नुसतं पुस्तकी नाही. कुडनकुलम प्रकल्पाच्या पहिल्या दोन युनिटचा सुरक्षा विश्लेषण अहवाल माहिती अधिकारात मागितला गेला, तेव्हा एनपीसीआयएलनं तो नाकारला. २०१२ मध्ये तत्कालीन केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी आदेश दिला की, पुरवठादाराच्या रचनेचा गुप्त तपशील वगळा, पण अहवाल द्या. पुढे हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तरी तत्त्व स्पष्ट आहे. एका पानावर गुपित आहे म्हणून सगळं बाड झाकायचं का, हा प्रश्न त्या आदेशानं समोर ठेवला.

दुसऱ्याच्या कोडवर किती विसंबायचं?

राजस्थानातल्या रावतभाट्याचं उदाहरण इथे आठवतं. पहिल्या दोन अणुभट्ट्या कॅनडाच्या मदतीनं सुरू झाल्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडानं हात काढून घेतला. दुसरी भट्टी आपल्या इंजिनिअरांनी स्वतः पूर्ण केली, ती १९८१ मध्ये सुरू झाली. कैगाच्या जड पाण्याच्या भट्ट्याही त्याच वंशातल्या. लायसन्सवर घेतलेलं तंत्रज्ञान करारावर चालतं आणि करार राजकारणावर. म्हणून स्वतःचे कोड, स्वतःचे प्रयोग आणि त्यांची पडताळणी करणारी माणसं देशात असणं ही चैन नाही, गरज आहे. दोन वेगळ्या कोडनी एकच गणित केलं आणि उत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी चूक आहे हे तरी कळतं.

खुले पर्याय आहेत का?

आहेत, आणि वाढतायत. अमेरिकेच्या एमआयटीत सुरू झालेला ओपनएमसी हा न्यूट्रॉनच्या गणिताचा कोड मोफत आणि पूर्ण खुला आहे. आयडाहो प्रयोगशाळेनं मूस ही गणिती चौकट २०१४ मध्ये खुली केली. फ्रान्सच्या ईडीएफचा द्रवप्रवाहाचा कोड ‘सॅटर्न’ २००७ पासून खुला आहे. माँट्रियलच्या इकोल पॉलिटेक्निकचा ड्रॅगन हा कोडही खुला असून जड पाण्याच्या भट्ट्यांचा अभ्यास करणाऱ्यांना तो खास उपयोगी. केंद्र सरकारनंही २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं आहे.

पण ‘खुला’ म्हणजे अटीच नाहीत असं नव्हे. ओपनएमसीची एमआयटी लायसन्स जवळपास सगळं करू देते. मूस आणि ड्रॅगनच्या एलजीपीएल लायसन्समध्ये, त्या भागात केलेले बदल वाटायचे असतील तर त्यांचा सोर्सही द्यावा लागतो. शिवाय खुला कोड आपोआप नियामकाला मान्य होत नाही. पडताळणीची अट त्यालाही तेवढीच लागू.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*टेलिग्रामवर एमसीएनपीची प्रत मिळाली. शिकायलाच वापरतोय, चालेल?*
नाही. लायसन्स व्यक्तीच्या नावावर असतं. पुढे परदेशी विद्यापीठात किंवा अणुक्षेत्रात नोकरीला अर्ज करताना हेच अंगाशी येऊ शकतं. शिकायचं असेल तर ओपनएमसीनं सुरुवात करा, संकल्पना त्याच आहेत.

*माझ्या छोट्या कंपनीला कोडसह काम मिळालं. काय बघू?*
कोड कुणाच्या लायसन्सवर आहे, व्यापारी वापर चालतो का, काम संपल्यावर इनपुट फाइल कुणाची, हे करारात लिहून घ्या. तोंडी भरवशावर राहू नका.

*प्रकल्पाजवळचा रहिवासी म्हणून मी काय मागू शकतो?*
सोर्स कोड मागून उपयोग नाही, तो नाकारला जाईल. मागायचं ते असं : कोणता कोड आणि कोणती आवृत्ती वापरली, कोणते अपघात गृहीत धरले, लोकांना बसणाऱ्या डोसचं उत्तर काय आलं, ते कुणी स्वतंत्रपणे तपासलं आणि १६ किलोमीटरच्या आणीबाणी नियोजन क्षेत्रात आपलं गाव येतं का. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कंपनीची माहिती असेल तर अधिकारी कलम ११ खाली कंपनीला नोटीस देऊन तिचं म्हणणं ऐकतो, पण निर्णय अधिकाऱ्याचा असतो, कंपनीचा नाही. अर्जात ‘गुप्त भाग कलम १० प्रमाणे वगळून बाकीचं द्यावं’ हे वाक्य आवर्जून लिहा.

*उत्तर ‘गोपनीय’ एवढंच आलं तर?*
कोणत्या कलमाखाली आणि का, हे सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ते नसेल तर ३० दिवसांत पहिलं अपील करा.

कोडची गुपितं कंपनीकडे राहोत, निर्यातीचे नियम सरकारांकडे राहोत. पण गणिताचं उत्तर ज्यांच्या अंगणाशी संबंधित आहे, त्यांना ते उत्तर कसं काढलं एवढं विचारायचा हक्क आहे. तो वापरायला इंजिनिअर असावं लागत नाही. नेमका प्रश्न लिहिता आला म्हणजे पुरे.